पडायला शिकवणारी तोकिए

पहिल्यांदा कळलं ते तोकिएच्या मनगटाला. डोक्याला कळायला आणखी दोन महिने गेले, आणि तोंडावाटे बाहेर पडायला दीड वर्ष.

जपानचे जुने सम्राट जाऊन तीन वर्षं झाली होती. मे महिन्यातला बुधवार, सकाळी साडेसहाचा वर्ग. इसोउराच्या टेकडीवर कुरामोतो सेन्सेईंचा, म्हणजे गुरुजींचा दोजो होता, आयकिदो या कुस्तीवजा विद्येचा आखाडा. तेवीस चटयांची जागा, मागे त्यांचं घर, खाली समुद्र. सेन्सेईंनी तोकिएचं मनगट आत वळवलं आणि तिला खाली दाबलं. त्यात नवीन काहीच नव्हतं. कळ कोपरातून खांद्यात आणि खांद्यातून गुडघ्यात उतरली की मोकळ्या हाताने चटईवर दोनदा थाप मारायची आणि समोरच्याने सोडायचं, अशी रीत. सव्वीस वर्षांत तिने अशा हजारो थापा मारल्या होत्या, आणि सेन्सेईंचा हात दुसरी थाप चटईला लागायच्या आतच सुटलेला असायचा. त्या दिवशी तिने दोनदा थाप मारली. मग आणखी दोनदा. मनगटाच्या आत ओल्या काटकीसारखं काहीतरी बारीक वाजलं. तिने मान वळवून वर पाहिलं. सेन्सेई तिच्याकडेच बघत होते, पण जाळ्यात आलेल्या अनोळखी माशाकडे बघावं तसे.

मग त्यांनी हात सोडला, म्हणाले, "पुढचा," आणि वर्ग सुरू राहिला.

तोकिए शिओझाकीने मनगटाला पट्टी बांधली आणि सायकलवरून कामावर गेली. विचारणाऱ्या बायकांना तिने सांगितलं, पिंप उचलताना लचकलं.

ती खारवलेल्या उमेच्या, म्हणजे आंबट जपानी आलुबुखारांच्या कारखान्यात निवडायच्या टेबलावर बसायची. फाटलेल्या सालीचं फळ डावीकडे, अखंड उजवीकडे. लग्न झालं नव्हतं, आई गेल्यावर घरात ती एकटीच. चोविसाव्या वर्षी कारखान्याचं पिंप पोचवायला ती टेकडीवर गेली होती. दोजोच्या ओल्या पायरीवरून घसरली, पिंपासकट तीन पायऱ्या खाली आली आणि पिंप न सांडता उभी राहिली. आतून एक माणूस बाहेर आला आणि म्हणाला, "पडणं चांगलं आहे तुझं." तोवर तिचं काही चांगलं आहे असं कुणी म्हटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती सकाळी साडेसहाला हजर झाली, आणि पडतच राहिली.

आयकिदोत नाव होतं ते फेकणाऱ्याचं. पडणाऱ्याला उके म्हणतात, म्हणजे घेणारा. फेकणाऱ्याची ताकद अंगावर घ्यायची, कुठेही न मोडता जमिनीत उतरवायची आणि परत उभं राहून नवा हात द्यायचा. फोटोत उके कायम उलटा, तोंड न दिसणारा. तोकिए अशी शेकडो फोटोंत होती. लोक सेन्सेईंना बघत आणि म्हणत, काय सहज फेकतात. सहज कुणामुळे दिसतं हे सेन्सेई जाणून होते. म्हणूनच बाहेरगावी काही दाखवायचं असलं की ते दुसऱ्या कुणाला नेत नसत.

ते बोलायचे थोडं, पण एक गोष्ट प्रत्येक नव्या माणसाला सांगायचे. भिंतीवर त्यांनी स्वतः लिहिलेली तीन अक्षरं होती. पहिल्यावर बोट ठेवून म्हणायचे, "हे आय. आय म्हणजे जुळणं. येणाऱ्याच्या ताकदीशी आपली ताकद जुळली की भांडण उरत नाही. आणि कानाला हाच उच्चार प्रेमाचा आहे. अक्षर वेगळं, आवाज एक." मग कि, म्हणजे आतला जीव, आणि दो, म्हणजे वाट. आणि शेवटी हे की आपण पहिला हात कधीच उगारायचा नाही. समोरचा येईपर्यंत थांबायचं.

जुलैत नावं चुकायला लागली. सेन्सेई एका डावाचं नाव घेत आणि दुसराच करत. "इरिमी," म्हणाले, म्हणजे आत शिरणं, आणि मागे सरकून फेकलं. मग इवाई गुडघ्यांवर बसला आणि त्याने वही काढली.

इवाईचं गावात खिळे, पत्रे, रंगाचं दुकान होतं. वय सत्तेचाळीस, तोकिएच्या नंतर आलेला, पण दर्जाने तिच्या दोन पायऱ्या वर. सेन्सेईंचं प्रत्येक वाक्य तो लिहून ठेवायचा.

"कळलं का तोकिए-सान?" चपला घालताना तो म्हणाला. "नावं आपल्यासारख्यांसाठी असतात. सेन्सेई नावांच्या पलीकडे गेलेत."

"ते विसरलेत, इवाई-सान."

"सव्वीस वर्षं पडून पडून तुमचं डोकं हललंय." तो हसून म्हणाला. त्यात खोच होती, पण दुष्टपणा नव्हता. "विसरणं हीच तर शेवटची पायरी. हात रिकामा, मन रिकामं."

खरोखर तसंच सांगितलेलं होतं. रिकामं मन, नावाशिवायची हालचाल, विचाराच्या आधी येणारा हात, हे सगळं त्या विद्येचेच शब्द होते. आजाराने तेच कपडे घातले होते. बाहेरून बघणाऱ्याला फरक कळला नसता. पण तिचं मनगट बाहेरून बघत नव्हतं. पूर्वी सेन्सेईंचा हात लागला की त्यात एक विचारणा असायची, कुठे जायचं, असं विचारल्यासारखी. आता हात लागायचा आणि पलीकडे कुणीच नसायचं.

हे सांगायला हवं होतं. तिने सांगितलं नाही. सांगणार कुणाला, हाही प्रश्न होता, आणि खरं सांगायचं तर तिला भीती वाटत होती की ती बोलली की सकाळचे साडेसहा तिच्या आयुष्यातून जातील.

सप्टेंबरच्या सुरुवातीला, वाळवणाचा हंगाम संपून ट्रे धुवून रचले जात होते तेव्हा, कारखान्याच्या फाटकाशी ओकुसान आल्या. सेन्सेईंच्या पत्नीला सगळे ओकुसानच म्हणत. त्यांचं नाव फुमी आहे हे अर्ध्या गावाला माहीत नव्हतं. वय सहासष्ट, अंगाने चिमणीएवढ्या. घामाच्या धारा लागलेल्या दिवसांत त्यांनी मनगटापर्यंत बाह्या घातल्या होत्या. अर्धा किलो उमे हवेत म्हणाल्या. तोकिएने पुडा पुढे केला, त्यांनी हात लांब केला आणि बाही वर सरकली.

निळं पडलेलं मनगट तोकिएने पाहिलं. मागच्या बाजूला अंगठ्याचा डाग, आत तीन बोटांचे, आणि त्यातला करंगळीचा सगळ्यांत काळा. साधा माणूस पकडतो तेव्हा जोर अंगठ्यात आणि तर्जनीत असतो. करंगळीपासून पकड आवळायला वर्षानुवर्षं शिकावं लागतं.

"न्हाणीत घसरले," ओकुसान म्हणाल्या.

"हो का?"

"हो." त्या पुड्याकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "तोकिए-सान, मला पडायला शिकवशील?"

चाळीस वर्षांत त्या बाईने दोजोच्या चटईवर पाय ठेवला नव्हता. सफाईसुद्धा शिष्य करत. तोकिएने कारण विचारलं नाही. विचारलं असतं तर दोघींनाही खोटं बोलावं लागलं असतं.

"दुपारच्या चहाला मला पाऊण तास असतो," ती म्हणाली. "वाळवणाच्या शेडमध्ये या. मागच्या दाराने."

शेड रिकामी होती. मीठ आणि शिसोच्या पानांचा आंबूस वास लाकडात मुरलेला. तोकिएने जुन्या गोण्या पसरल्या, वर गोधडी टाकली. पहिला आठवडा दोघी नुसत्या बसूनच पडत होत्या. मागे लोळायचं, हनुवटी छातीला, नजर स्वतःच्या बेंबीवर, श्वास बाहेर.

"हात टेकायचा नाही, ओकुसान. हात टेकला की मनगट जातं."

"या हातांवर चाळीस वर्षं घर चालवलं. ते कसे मागे राहतील गं?"

"त्यांना काम द्या. जमिनीवर आपटायचं. असं."

ओकुसान आपटायच्या आणि स्वतःच्याच आवाजाने दचकायच्या. पण शिकायची चिकाटी भारी. दहाव्या दिवशी त्या उभ्यानं पडल्या. पंधराव्या दिवशी तोकिएने त्यांचं मनगट धरलं, न दुखणाऱ्या हाताचं, आणि सांगितलं, "आता ओढ लागली की थांबायचं नाही. त्याच्या आधी जायचं. समोरच्याला वाटलं पाहिजे त्याने फेकलं. पण जायचं तुम्ही."

"त्याच्या," ओकुसान म्हणाल्या. दोघींपैकी एकीनेही आजवर सेन्सेईंचं नाव काढलं नव्हतं.

मग त्यांनी विचारलं, "आणि उठायचं कसं?"

"तोंड त्यांच्याकडे करून. पाठ कधीच नाही."

"चुलीशी उभी राहून चाळीस वर्षं पाठच तर दाखवली." त्या गोधडीवर बसल्या, केस नीट केले. "सगळ्या गावाला सांगतात, आय म्हणजे प्रेम. घरात फक्त 'चहा' म्हणायचे. मला वाटायचं, सगळं प्रेम दोजोत संपवून येत असतील." त्या हसल्या. तोकिएलाही हसू आलं, आणि मग दोघी एकदम गप्प झाल्या, कारण बाहेर रेतीवर पावलं वाजली होती. कारखान्याचा ट्रकवाला होता. तो गेला तरी ओकुसान बराच वेळ भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या.

"डॉक्टर?" तोकिएने शेवटी विचारलं.

"डॉक्टरांना यांनी सांगितलं, माझी बायकोच वेडी आहे. इतकं छान बोलले त्यांच्याशी. डॉक्टर म्हणाले, सेन्सेईंची नाडी तरुणाची आहे."

ऑक्टोबर तसाच गेला. रोज पाऊण तास. सकाळी तोकिए टेकडीवर सेन्सेईंच्या हातून पडायची, दुपारी त्याच माणसाच्या बायकोला पडायला शिकवायची, आणि दोन्हीकडे तिचं तोंड बंद असायचं. सकाळच्या वर्गात आता लोक तिच्या जागी यायला उत्सुक नसत. एका टॅक्सीवाल्याने खांदा दुखतो म्हणून येणं सोडलं. दुसऱ्याच्या बायकोची तब्येत बिघडली. इवाई म्हणाला, चाळणी लागतेय, खरे तेवढे उरतील.

नोव्हेंबरच्या तीन तारखेला, सणाच्या सुट्टीत, दोजोची चाळिशी होती. गावच्या सभागृहात प्रात्यक्षिक ठरलं. इवाईने ठरवलं की उके तो स्वतः होणार, लाकडी सुरा घेऊन.

तोकिए त्याच्या दुकानात गेली. तो रंगाचे डबे रचत होता.

"लाकडी सुरा नको, इवाई-सान. मला जाऊ द्या त्यांच्यासमोर. रिकाम्या हाताने."

"पन्नास झाली ना तुमची? चाळीस वर्षांचा सोहळा आहे. लोकांना काय दाखवायचं, आजीबाईंचं लोळणं?"

"ते थांबत नाहीत आता. थाप मारली तरी."

इवाईने डबा खाली ठेवला. क्षणभर तिला वाटलं की याच्याही मनगटाला माहीत आहे. मग तो म्हणाला, "लढाईत थाप मारायची सोय असते का? ते आपल्याला खरं देताहेत, आणि तुम्हाला ते दुखतं एवढंच."

सभागृह भरलं होतं. तोकिए बाजूला, पडद्याजवळ बसली. पहिले तीन डाव इतके सुरेख झाले की तिलाच वाटलं, आपण वेडेपणा करतोय. चौथ्याला इवाई सुरा घेऊन आला आणि सेन्सेई आत शिरले. सुरा कधी त्यांच्या हातात आला कुणाला दिसलं नाही. इवाई उताणा पडला होता, सेन्सेईंचा गुडघा त्याच्या छातीवर, सुऱ्याचं टोक गळ्याच्या खळगीत. इवाईने थाप मारली. सेन्सेई हलले नाहीत. त्याने पुन्हा मारली. लाकडाचं टोक कातडीत रुतत चाललेलं तोकिएला दिसत होतं. ती उठून दोन पावलं पुढे गेली. तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या. त्या आवाजाने सेन्सेईंनी मान वर केली, हातातल्या वस्तूकडे पाहिलं, आणि ती जमिनीवर ठेवून दिली, दुसऱ्या कुणाची असल्यासारखी.

भाषणात नगराध्यक्ष म्हणाले, याला झानशिन म्हणतात, डाव संपल्यावरही न संपणारं लक्ष. इवाई बाहेर बाकावर बसला होता. गळ्यावर लाल खळगा, डोळ्यांत पाणी.

"मला मरण दिसलं," तो तोकिएला म्हणाला. "पहिल्यांदा खरं काही दिसलं." त्याचा चेहरा प्रसाद मिळालेल्या माणसासारखा होता, आणि त्या चेहऱ्याची तिला सेन्सेईंपेक्षा जास्त भीती वाटली.

तीन आठवड्यांनी ओकुसान शेडमध्ये आल्या नाहीत. तीन वाजून दहा मिनिटांनी कारखान्याच्या कचेरीतला फोन वाजला. कारकून म्हणाला, "शिओझाकी-सान, तुमच्यासाठी वाटतं. तुमचं नाव घेतलं, आता कुणी बोलत नाही, नुसता श्वास ऐकू येतोय." मग काहीतरी पडल्याचा आवाज झाला आणि पुढे काहीच ऐकू येईना.

टेकडीचा चढ तिने सायकलवर उभी राहून चढला. घराचं दार उघडं होतं. स्वयंपाकघरात ओकुसान भिंतीशी जमिनीवर बसल्या होत्या, तोंड समोर, हात मांडीवर. फोनचा चोंगा वायरीला लोंबत होता. त्यांच्यापासून दोन पावलांवर सेन्सेई उभे होते, पाय नेमके पसरलेले, हात सैल.

"बरं झालं आलीस," ते तोकिएला म्हणाले. आवाज शांत, ओळखीचा. "ही बाई घरात घुसलीय. मघाशी हात उगारला, मी फेकली. आता बसलीय. हल्ला केल्याशिवाय मला काही करता येत नाही."

"मला लागलं नाही," ओकुसान ओठ न हलवता म्हणाल्या. "नीट पडले."

"बोलू नकोस," सेन्सेई म्हणाले. "तू हलायची मी वाट बघतोय."

तोकिएला सगळं स्वच्छ दिसलं. माणूस गेला होता आणि नियम तेवढा उरला होता. पहिला हात उगारायचा नाही, समोरचा येईपर्यंत थांबायचं. ते दिवसभर थांबले असते. आणि ओकुसानना कधी ना कधी शिंक आली असती, पायाला मुंग्या आल्या असत्या.

तिने चपला काढल्या. दारातच गुडघ्यांवर बसून वाकून नमस्कार केला, वर्गाच्या सुरुवातीला करतात तसा. सेन्सेईंनीही नमस्कार केला. शरीराला तेवढं आठवत होतं. मग ती उठली आणि तिने त्यांचं मनगट पकडलं.

त्यांनी फेकलं. ती बैठकीच्या खोलीत चटईवर पडली, उठली, दुसरा हात दिला. पुन्हा फेकलं. प्रत्येक वेळी ती एक पाऊल मागे पडत होती, म्हणजे त्यांना स्वयंपाकघरापासून एक पाऊल पुढे यावं लागत होतं. पण ते घर होतं, दोजो नव्हता. दाराची चौकट होती, पाण्याची किटली होती, फुलदाणी होती. सातव्या वेळी बसकं टेबल मध्ये आलं. डाव्या खांद्याखाली हाड मोडल्याचा आवाज तिने ऐकला आणि कळ यायच्या आत ती उभी राहिली, तोंड त्यांच्याकडे करून. डावा हात लोंबत होता. तिने उजवा पुढे केला.

सेन्सेईंनी तो पकडला, आणि थांबले. किती वेळ ते तिला सांगता आलं नाही. मग म्हणाले, "तुझा श्वास तुटलाय. आज इतकंच." ते बसले आणि बागेकडे बघत राहिले. आत ओकुसाननी चोंगा उचलला होता. त्या हळू आवाजात रुग्णवाहिकेला पत्ता सांगत होत्या.

शहरातल्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी फोटो दाखवले. मेंदूचा पुढचा भाग आक्रसत चालला होता. आधी नावं जातात, मग लगाम जातो, असं त्या म्हणाल्या. "बाकी शरीर चाळिशीतल्या माणसाचं आहे. अशी किती तरी वर्षं जातील." शेवटचं वाक्य त्यांनी दिलासा म्हणून सांगितलं असावं.

सेन्सेईंना डोंगरापलीकडच्या एका आरोग्यगृहात ठेवलं. तोकिएच्या हाडात धातूची पट्टी बसवली. गावात इवाईने सांगितलं की सेन्सेई विश्रांती घेताहेत, आणि वर्ग तो घेऊ लागला. तोकिए पुन्हा गप्प राहिली. ओकुसाननी तिला तसं सांगितलं नव्हतं. ओकुसान काहीच म्हणाल्या नव्हत्या. पण त्या माणसाचं नाव चाळीस वर्षं गावाने अदबीने घेतलं होतं, आणि ते पुसायला आपला हात पुढे करणं तिच्याच्याने होईना.

इवाई मात्र शिकवत होता. शेवटच्या वर्षात सेन्सेईंनी जे केलं ते सगळं त्याच्या वहीत होतं. थाप मारल्यावर तीन आकडे मोजून सोडायचं. नाव एक घ्यायचं, करायचं दुसरं. डाव संपल्यावर गळ्याशी थांबायचं. त्याला ही सेन्सेईंची शेवटची, सगळ्यांत खोल शिकवण वाटत होती. आणि नवे लोक येत होते, शेजारच्या गावांतूनसुद्धा, कारण इथे खरं शिकवतात अशी ख्याती झाली होती.

पुढच्या वर्षी ऑक्टोबरात एका संगीत शिक्षिकेचं कोपर मोडलं. ती शाळेत पियानो शिकवायची. डॉक्टरांनी सांगितलं की हात पुरता सरळ होणार नाही.

इवाई मांजू मिठाईचा खोका घेऊन तोकिएच्या घरी आला. बसला, पण चहाला हात लावला नाही. बराच वाळला होता.

"शनिवारी बैठक आहे. तिच्या घरचे येणार आहेत. सगळे विचारणार, असं कोण शिकवतं. तुम्ही सव्वीस वर्षं त्यांच्या हाताखाली होता, तोकिए-सान. तुम्ही एवढंच सांगा की सेन्सेई असंच करायचे."

"करायचे," ती म्हणाली. "शेवटच्या सहा-सात महिन्यांत. ते आजारी होते, इवाई-सान."

"आता आहेत. तेव्हा नव्हते."

"तुमच्या गळ्यावर सुरा होता तेव्हा त्यांना तुम्ही कोण हे माहीत नव्हतं."

इवाई टेबलाकडे बघत राहिला. "मग मला जे दिसलं ते काय होतं?"

तिला त्याची दया आली. "मरणच होतं. पण ते तुम्हाला कुणी देत नव्हतं."

शनिवारी सभागृहाच्या मागच्या खोलीत तिने सगळं सांगितलं. मनगट, नावं, ओकुसानची बाही, टेबलावर मोडलेलं हाड. आणि शेवटी हेही की पहिल्या बुधवारपासून तिला ठाऊक होतं, ती बोलली नाही, आणि म्हणून शिक्षिकेच्या कोपरात तिचाही वाटा आहे. शिक्षिका समोरच होती, हात गळ्यात बांधलेला. तिने फक्त विचारलं, "पहिल्या बुधवारपासून?" तोकिए हो म्हणाली. त्यानंतर ती बाई तिच्याकडे बघेनाशी झाली.

दोजो बंद झाला. इवाईने दुकान भावाकडे दिलं आणि ओसाकाला गेला म्हणे. गावाचा राग मात्र त्याच्यावर नव्हता. म्हाताऱ्या आजारी माणसाची अब्रू चव्हाट्यावर मांडली, तीही घरच्या बाईची बाही वर करून, असं लोक म्हणत. कारखान्यात चहाच्या वेळी तोकिएच्या बाकावर जागा रिकामी राहू लागली. एकदा कुणीतरी तिच्या सायकलची हवा सोडली. फक्त ओकुसान येत राहिल्या, तीन वाजता, मागच्या दाराने. आता त्या शिकायला येत नव्हत्या, पण गोधडीवर बसायच्या मात्र सवयीने.

डिसेंबरच्या शेवटी त्या म्हणाल्या, "नव्या वर्षाला तीन दिवस घरी आणतेय त्यांना."

तोकिएने कप खाली ठेवला.

"आरोग्यगृहवाले म्हणतात, आता शांत असतात. बोलत नाहीत. दिवसभर खिडकीशी बसतात." ओकुसाननी गोधडी सारखी केली. "परवा एका परिचारकाने मागून खांद्यावर हात ठेवला. त्याचे दोन दात गेले. पण तो म्हणाला, चूक माझीच."

"नका आणू, ओकुसान."

"चाळीस वर्षं नव्या वर्षाचं सूप मी करून वाढलंय. अजून ओळखतील एखादे वेळी, वासाने." त्या गोधडीची दशी बोटाला गुंडाळत होत्या. "तू ये. तीन दिवस."

एकतिसाव्या तारखेला सकाळी तोकिए पिशवी घेऊन टेकडीवर गेली. आरोग्यगृहाची गाडी दुपारी बाराला येणार होती. चुलीवर सूप उकळत होतं, कोंबडीचं आणि मुळ्याचं. दोघींनी मिळून बसकं टेबल उचललं आणि ओसरीत नेऊन ठेवलं. मग फुलदाणी, किटली, आरसा. भिंतीवरचं घड्याळ उतरवलं. कपाटातले सुरे ओकुसाननी टॉवेलात गुंडाळून शेजारणीकडे पोचवले. आठ चटयांची खोली मोकळी झाली, इतकी मोकळी की बोललेलं घुमायला लागलं.

"मी ताटं घेऊन येताना तू कुठे बसशील?" ओकुसाननी विचारलं.

"त्यांच्या डाव्या हाताला. तुम्ही समोरून या, मधूनच. वाढताना वाकू नका, बसून वाढा."

"बरं."

तोकिए खोलीच्या मधोमध जाऊन बसली. डावा खांदा तिने दोनदा गोल फिरवला. तो पूर्ण वर जात नव्हता. ओकुसाननी एप्रन काढून घडी केला, केस नीट केले आणि तिच्या शेजारी येऊन बसल्या. खाली वळणावर गाडीने गिअर बदलल्याचा आवाज आला.